बेचाळीस नंबरची सुट्टी

"सुट्टीत तुम्ही काय केलं?" ओगले मॅडमनी फ्रेंचमधून विचारलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मे वाकांस. माझी सुट्टी.

एस. वाय. बी. ए.चा वर्ग, दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. एकेक मुलगी उठत होती आणि मनालीला जाऊन येत होती. गाईडमध्ये तोच एक निबंध होता. मी आईवडिलांबरोबर मनालीला गेले, बर्फ पडत होता, आम्ही खूप फोटो काढले. वर्गातल्या कुणीही मनाली पाहिलेली नव्हती. माझी दिवाळीची सुट्टी नाशिकला, अण्णांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात, समया चिंचेनं घासण्यात गेली होती. माझा नंबर एक्केचाळीस. मीही उठले आणि मनालीला जाऊन आले.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेवा. तोंडी परीक्षेत खरं सांगायची सक्ती नसते. गोष्ट खोटी चालेल, क्रियापद खोटं चालणार नाही."

बेचाळीस नंबर म्हणजे हेमांगी तांडेल. ती उठली आणि शब्द शोधत शोधत म्हणाली, "मी सुट्टीत कुठेही जात नाही. लोकांच्या सुट्ट्या आमच्याकडे येतात."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. "वाक्य मात्र बरोबर आहे. बस."

मी तांबट. इंग्रजी हजेरीपटात तांबटनंतर तांडेल, एवढ्याच कारणानं आम्ही दोघी पहिल्या वर्षापासून एका बाकावर बसत होतो. पुढे हॉस्टेलची खोलीही एकच मागून घेतली. ती दापोलीकडच्या एका बंदरावरची. समोर समुद्रात किल्ला आहे, सुट्ट्यांत पर्यटक येतात, आई मासळी विकते, एवढं तिनं सांगितलेलं होतं. वडील नाहीत हेही मला माहीत होतं. कसे गेले ते मी कधी विचारलं नव्हतं आणि तिनंही विषय काढला नव्हता. गावाहून येताना ती माझ्यासाठी कोकमं आणायची. मी आजारी पडले तेव्हा पाच दिवस तिनं मेसमधून माझं ताट वर आणलं होतं.

जानेवारीत नोटीस लागली. कॉलेजचं फ्रान्समधल्या एका संस्थेशी नातं होतं. दर वर्षी एस. वाय.ची एक मुलगी मे महिन्यात तिकडे जाऊन महिनाभर एका कुटुंबात राहायची. निवड तोंडी परीक्षेवर व्हायची आणि परीक्षेला बाहेरून एक फ्रेंच बाई यायच्या. विषय नेहमीचाच, सुट्टी.

"मनाली नीट घोकू या," मी हेमांगीला म्हणाले. आम्ही हॉस्टेलच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीत बसलो होतो.

"मनाली नको. मला एक दिवस सांगायचाय."

"कुठला?"

ती वहीच्या कडा दुमडत राहिली. "मराठीत नाही सांगता येत गं. तिसऱ्या वाक्याला घसा भरून येतो. घरी तर आईसमोर विषयच निघत नाही. फ्रेंचमध्ये मला शब्दच इतके थोडे येतात, की रडायला जागा राहत नाही. तू व्याकरण बघ फक्त."

मग रोज संध्याकाळी चहा झाला की आम्ही गच्चीवर जायला लागलो. ती वाक्य रचायची आणि मी दुरुस्त करायची. अशी, वाक्यावाक्यानं, ती हकिकत मला कळली.

तिच्या वडिलांची बोट होती. मे महिन्यात ते पर्यटकांना किल्ल्यावर नेऊन आणायचे. "हे रोजचं आहे ना? मग हा काळ," मी सांगायची. "आणि त्या दिवशी जे एकदाच झालं ते दुसऱ्या काळात." दहावीची परीक्षा झाल्यावरच्या सुट्टीत ती त्यांच्याबरोबर बोटीवर जायची. त्या दिवशी मुंबईहून आलेले सहा जण होते. किल्ल्याच्या खडकांशी बोट लागत होती. हेमांगीनं दोर धरला होता. बाबा म्हणाले, कुणी उभं राहू नका. एक गृहस्थ फोटो काढायला उभा राहिला आणि पाण्यात पडला. बाबांनी उडी मारली. त्यांनी त्याला खालून ढकलून वर दिलं. मग लाट आली, आणि बाबांचं डोकं बोट आणि खडक यांच्या मध्ये सापडलं.

"दोर सोडला असता तर बोट मागे गेली असती का?" एकदा तिनं मला विचारलं. मी नाशिकची, मला समुद्रातलं काय कळणार. "त्याचं फ्रेंच नको करायला," मी म्हणाले. "वाक्य अवघड होईल."

दुसऱ्या बोटीनं सगळ्यांना किनाऱ्यावर आणलं. ते सहा जण जीपमध्ये बसून निघून गेले. पुढच्या गावी त्यांचं हॉटेल ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात आली. घरात माणसं बसलेली होती. आई उठून पुढे झाली. तिला वाटलं, भेटायला आले.

"कॅमेऱ्यासाठी आले होते," हेमांगी म्हणाली. "बोटीत राहिला होता. मीच आणून दिला. फ्रेंचमध्ये कसं म्हणायचं, ते परत आले?"

'परत येणे'ला वेगळं सहायक क्रियापद लागतं. जाणं, येणं, जन्मणं, मरणं, या सगळ्यांनाच लागतं. ती प्रत्येक वेळी चुकायची. "इल आ मोर नाही हेमा, इल ए मोर," मी वहीत लाल पेननं गोल करायची. "'ते वारले' याच्यात तू कायम चुकतेस. दहा वेळा लिही." तिनं लिहिलं. दहा वेळा, खाली खाली.

मार्चपर्यंत ती सतरा वाक्यं मलाही पाठ झाली.

परीक्षेच्या दिवशी नंबरानं आत सोडत होते. आतून येणाऱ्या मुली कपाळाला हात लावत होत्या. बाई मध्येच थांबवतात म्हणे. माझा नंबर आला. टेबलामागे मादाम व्हिदाल, पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. बाजूला ओगले मॅडम. त्या फक्त ऐकायला होत्या.

मी सुरुवात केली. "गेल्या सुट्टीत मी आईवडिलांबरोबर मनालीला..."

मादाम व्हिदालनी पेन खाली ठेवलं. "सकाळपासून अकरावी मनाली," त्या सावकाश, मला समजेल असं म्हणाल्या. "मादमुआझेल, मला सुट्टीतला एक दिवस सांगा. एकच. तुमचा स्वतःचा."

मला चिंच आठवली, समया आठवल्या. यातल्या एकाचाही फ्रेंच शब्द मला येत नव्हता. मादाम वाट बघत होत्या. मग माझ्या तोंडून एक वाक्य बाहेर पडलं. "मों पेर आव्हे अं बातो." माझ्या वडिलांची बोट होती.

पहिलं वाक्य निघाल्यावर थांबता आलं असतं. मी थांबले नाही. दुसरं आलं, तिसरं आलं. मला आठवावं लागत नव्हतं. दोन्ही काळ जागच्या जागी पडत होते.

"आणि तुम्ही? तुम्ही कुठे होता?" मादामनी विचारलं.

"मी दोर धरला होता," मी म्हणाले.

कॅमेऱ्याचं वाक्य झालं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या हातावर हात ठेवला. ओगले मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर आले तेव्हा हेमांगी उठून उभी राहिली होती. "काय विचारतात?"

"जा, जा, तुझा नंबर आहे," एवढंच मी म्हणाले.

बाकीच्यांना दहा मिनिटं लागत होती. ती चार मिनिटांत बाहेर आली. माझ्या शेजारी बाकावर बसली.

"मी तीन वाक्यं बोलले," ती म्हणाली. "बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, हे मी आत्ताच ऐकलं."

"हेमा, मला काही सुचलंच नाही गं. त्यांनी मनाली बंद केली, आणि..."

"दोर कुणी धरला होता?"

मी मांडीवरची वही बंद केली.

"तू काय सांगितलंस? दोर कुणी धरला होता?"

"मी," मी म्हणाले.

ती उठून गेली. खोलीवर आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली होती. निदान तसं दाखवत तरी होती.

दुसऱ्या दिवशी ओगले मॅडमनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"मादाम व्हिदालचं म्हणणं, बेचाळीस नंबरनं एक्केचाळीसची नक्कल केली. त्यांनी हेमांगीला शून्य दिलंय आणि तुला सगळ्यांत जास्त. मी त्यांच्यासमोर काही बोलले नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुनेत्रा, तुझ्या वडिलांना मी भेटलेय. गॅदरिंगला मला पितळी निरांजन देऊन गेले. त्यांची कुठली आली बोट?"

मी टेबलावरच्या फाईलकडे बघितलं.

"म्हणजे गोष्ट तुझी नाही," मॅडम म्हणाल्या. "हेमांगी, तुझी आहे का?"

हेमांगीनं तोंड उघडलं. तिचा घसा भरून आलेला मला दिसला. ती तिथे मराठीत बोलणार होती. आणि त्या अर्ध्या क्षणात मी बोलले.

"गोष्ट कुणाचीच नाही मॅडम. आम्ही दोघींनी मिळून रचली. तुम्हीच म्हणाला होता ना, खरं सांगायची सक्ती नाही म्हणून. माझा नंबर आधी आला, एवढंच."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण वाक्यं पुन्हा मनात म्हणून बघितली की कळतं, ती फार नीट जुळलेली होती.

मॅडमनी हेमांगीकडे पाहिलं. "असं आहे का? रचलेली आहे?"

हेमांगी माझ्याकडे बघत होती. चिडलेली नव्हती. एखाद्या अनोळखी माणसाला आपण कुठे पाहिलंय ते आठवताना बघतात तशी बघत होती.

"हो मॅडम," ती म्हणाली. "रचलेली आहे."

मॅडमना सुटल्यासारखं झालं असावं. फाईल बंद करत त्या म्हणाल्या, "मग दिलेले मार्क तसेच राहू देत. पण पुढच्या वेळी आपापलं तयार करत जा गं."

जिन्यात मी तिचा हात धरला. "हेमा, तू खरं का नाही सांगितलंस?"

तिनं हात सोडवून घेतला. "काय करायला हवं होतं? बाबांच्या मृत्यूचा दाखला आणून दाखवायचा होता? फ्रेंचच्या मार्कांसाठी?"

त्याच संध्याकाळी तिनं रेक्टरबाईंना अर्ज देऊन खोली बदलून घेतली. पुढच्या आठवड्यात यादी लागली. त्यात माझं नाव होतं.

मे महिन्यात मी फ्रान्सला गेले. समुद्रापासून तासाभरावरचं लहानसं गाव होतं. घरच्या बाई, मादाम मोरेल, मला घ्यायला स्टेशनवर आल्या होत्या. त्यांनी मला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. गाडीत बसल्यावर कळलं. मादाम व्हिदालनी त्यांना पत्र लिहून सगळं कळवलं होतं.

"दर रविवारी आम्ही समुद्रावर जातो," मादाम मोरेल म्हणाल्या. "पण तू आहेस तोवर जायचं नाही असं आम्ही ठरवलंय. तुला त्रास व्हायला नको."

तेव्हा तरी सांगायचं. शब्द येत होते. 'खोटं' येत होतं, 'मैत्रीण' येत होतं. मी "मेर्सी" म्हणाले.

पहिल्या रविवारी फोन वाजला. बूथवरून अण्णा होते. "जेवण मिळतं ना गं? थंडी आहे का? आईनं लोणचं दिलंय ते पुरवून खा." त्यांचा आवाज ऐकून मला हुंदका आला. फोन ठेवला तेव्हा मादाम मोरेल दारात उभ्या होत्या.

"कोण होतं?"

"मोनोंक्ल," मी म्हणाले. माझे काका.

"वडिलांचे भाऊ?"

"हो."

पुढच्या रविवारी फोन त्यांनीच उचलला. मला देण्याआधी रिसीव्हर दोन्ही हातांत धरून त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "मस्य, मे कोंदोलेआंस." आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पलीकडून अण्णांचा मोठा आवाज मला ऐकू आला. "येस येस! थँक यू! नमस्कार!"

तिसऱ्या आणि चौथ्या रविवारीही तसंच झालं.

परत आल्यावर नाशिकला स्टेशनवर अण्णा हार घेऊन उभे होते. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "त्या बाई फार प्रेमळ गं. प्रत्येक वेळी मला आधी म्हणायच्या, मे कोंदोलेआंस. मी पाठच केलंय बघ. म्हणजे काय?"

"म्हणजे..." मी बाहेर बघत म्हणाले, "तुमचं सगळं चांगलं होवो. शुभेच्छा."

"वाटलंच मला," अण्णा म्हणाले. त्यानंतर दुकानातून कुणी लग्नाची भांडी घेऊन निघालं की ते हात जोडून म्हणायचे, मे कोंदोलेआंस. गिऱ्हाइकं खूश व्हायची. लेक फ्रान्सला जाऊन आलीय म्हणून लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे.

तिसऱ्या वर्षी हेमांगीनं फ्रेंच सोडून अर्थशास्त्र घेतलं. तरी इंग्रजीच्या परीक्षेला ती माझ्याच मागच्या बाकावर यायची. तांबट, तांडेल. पूर्ण वर्षात ती माझ्याशी एकच वाक्य बोलली, "सुपरवायझर तुझी सही मागतायत."

एप्रिलमध्ये परीक्षा संपली आणि हॉस्टेल रिकामं व्हायला लागलं. अण्णा मला न्यायला आले होते. माझी ट्रंक घेऊन आम्ही खाली उतरलो, तर व्हरांड्यात हेमांगी आपल्या वळकटीवर बसली होती. एस.टी.ला वेळ असावा. मी मान खाली घालून पुढे निघाले होते. पण अण्णा थांबले.

"तू हेमांगी ना? सुनेत्राच्या पत्रात पहिल्या वर्षी तुझंच नाव असायचं. कोकमं तूच द्यायचीस. आमच्या हिच्या आईनं सार केलं होतं त्याचं."

हेमांगी उठून उभी राहिली. "हो काका."

"तूसुद्धा फ्रेंच शिकलीस म्हणे?"

"थोडं."

"मग तुला कळेल," अण्णा हसून म्हणाले. "अण्णा," मी मागून म्हणाले, पण त्यांनी ट्रंक खाली ठेवली होती. दोन्ही हात जोडले होते. त्यांना जमेल तितक्या शुद्ध उच्चारांत, मान लववून, ते म्हणाले, "मे कोंदोलेआंस!"

हेमांगी हलली नाही. तिनं अण्णांकडे पाहिलं, त्यांच्या हसऱ्या चेहऱ्याकडे. मग माझ्याकडे. फ्रान्सला काय झालं असेल, कुणी कुणाला काय सांगितलं असेल, ते सगळं तिला त्या एका शब्दावरून कळत गेलेलं मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं.

मला वाटलं, आता ती सांगेल. मनातून मला तेच हवं होतं.

ती वाकली आणि तिनं अण्णांच्या पायांना हात लावला. "मेर्सी, काका," ती म्हणाली. "मला हे अजून कुणी म्हणालं नव्हतं."

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती ओढणीनं तोंड पुसत वळकटीवर बसली, आणि आम्ही निघेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

रिक्षा गेटाबाहेर पडली तरी अण्णा मागे वळून बघत होते.

"किती गुणी पोरगी आहे," ते म्हणाले. "वडील काय करतात गं तिचे?"

"माहीत नाही, अण्णा," मी म्हणाले.